एरंडीचे बी आणि ग्रीसचा डबा
(बियांच्या तेलापासून टिकाऊ वंगण कसे होते?)



विसरवाडीच्या परिसरात तेलबियांना तोटा नाही. बांधावर एरंडी आहे, नाल्याकाठी करंज आहे, शिवारात भुईमूग आणि सोयाबीन आहे आणि डोंगराकडच्या पाड्यांवर मोह आहे. मोहाच्या बियांना आपल्याकडे कोणी टोळंबी म्हणतात, कोणी डोळी. दुसरीकडे घरोघर यंत्रेही आली. विहिरीवर मोटार, गोठ्यात कडबाकुट्टी, बैलगाडीला टायर, कुणाकडे ट्रॅक्टर. यंत्र आले की त्याला वंगण आले, आणि वंगणाचा डबा दुकानातून रोख पैसे मोजून आणावा लागतो. म्हणून एक प्रश्न नेहमी विचारला जातो, “तेल घरचं आहे, मग तेच यंत्रात घातलं तर काय बिघडलं?”

याचे उत्तर असे की काही ठिकाणी घरचे तेल जरूर घालावे आणि काही ठिकाणी थेंबभरही घालू नये. हा फरक का, हे समजून घेतले तर यंत्रही वाचते आणि पैसाही वाचतो. आणखी एक गंमत आहे, मंडळी. दुकानातून आपण जो ग्रीसचा डबा आणतो, त्यात बहुतेक वेळा एरंडीच बसलेली असते. फक्त तिचे रूप बदललेले असते.

जुन्या माणसांनी एरंडेलच का निवडले?

लाकडी चाकाच्या बैलगाडीला आपले वाडवडील एरंडेलाचे वंगण घालीत. भुईमुगाचे किंवा करडईचे तेल कोणी घालीत नसे. याचे कारण केवळ खाण्याचे तेल वाया जाऊ नये एवढेच नव्हते. एरंडेल दाट असते. सारखीच ऊब असताना ते भुईमुगाच्या तेलापेक्षा सुमारे सहा पट दाट भरते. आसावर चाकाचा तुंबा फिरतो तेव्हा दोघांच्या मध्ये तेलाचा थर टिकून राहावा लागतो. पातळ तेल भाराखाली बाजूला पळते. एरंडेल चिकटून राहते.

एरंडेलाचा हा गुण त्याच्या घडणीत आहे. त्यातील शेकडा ८५ ते ९० भाग रिसिनोलिक नावाच्या एकाच आम्लाचा असतो. या आम्लाच्या लांब साखळीवर मध्येच एक आकडा असतो असे समजा. शेजारच्या साखळ्या त्या आकड्याने एकमेकींना धरून ठेवतात आणि लोखंडालाही धरतात. दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या तेलात हा आकडा एवढ्या प्रमाणात नाही.

हा गुण परदेशांतही ओळखला गेला. इंग्लंडच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेले इंजिनचे तेल काढले. एरंडीला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून त्या तेलाचे नाव कॅस्ट्रॉल पडले. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची इंजिने चक्क एरंडेलावर चालत. त्या इंजिनांत पेट्रोलची वाफ आतूनच फिरे आणि साधे खनिज तेल धुऊन नेई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते टिके. त्या तेलाचा फवारा तोंडावर येऊन वैमानिकांचे पोटही साफ होई, असे सांगतात!

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बैलगाडीच्या आसातले काय आणि त्या विमानातले काय, तेल एकदा वापरले जाई आणि गळून जाई. पुन्हा ताजे तेल येई. तेच तेल महिनोन् महिने आत फिरत नसे. खरी मेख इथेच आहे.

कच्चे तेल कुठे हरते?

कोणतेही बियांचे तेल घ्या. त्याची घडण अशी असते: ग्लिसरीनचा एक खुंटा आणि त्याला बांधलेले तीन लांब दोर. हे दोर म्हणजे तेलाची आम्ले. खुंटा सगळ्या तेलांत एकच. दोर मात्र तेलातेलात निराळे. काही दोर सरळ आणि गुळगुळीत असतात. काहींना मध्ये कमजोर गाठी असतात. रसायनशास्त्रात त्यांना दुहेरी जोड म्हणतात.

बंद यंत्रात असे तेल तीन कारणांनी हरते.

पहिले कारण हवा. हवेतला प्राणवायू या गाठींना धरतो आणि एका दोराची दुसऱ्याशी गुंतागुंत होते. तेल आधी खवट होते, मग चिकट होते, शेवटी डिंकासारखे घट्ट बसते. एका दोराला दोन किंवा तीन गाठी असल्या तर हे काम एका गाठीच्या मानाने दहापट किंवा त्याहूनही वेगाने होते.

दुसरे कारण उष्णता. इंजिन तापले की ग्लिसरीनचा खुंटाच ढिला पडतो. त्याच्या मधल्या जागी एक कच्चा सांधा आहे. तिथून दोर सुटतात आणि मोकळी आम्ले तयार होतात. ही आम्ले पितळेच्या बुशाला खातात. जुन्या तेलातल्या बुशावर हिरवट डाग दिसला तर तो याच आम्लाचा समजावा.

तिसरे कारण थंडी. पौषात मोहाचे तेल बाटलीत तुपासारखे थिजते हे आपण पाहतोच. यंत्रात थिजलेले तेल बारीक नळीतून जात नाही आणि सुरुवातीची काही मिनिटे यंत्र कोरडेच फिरते.

तेलात गाठी किती, हे मोजायला आयोडीनचा आकडा वापरतात. आकडा मोठा तर गाठी जास्त आणि तेल लवकर सुकणारे. नेहमीच्या तेलांचे आकडे साधारण असे आहेत:

खोबरेल: ७ ते १०
मोह: ५८ ते ७०
एरंडेल: ८२ ते ९०
भुईमूग: ८५ ते १००
सोयाबीन: १२० ते १४०
करडई: १३५ ते १५०
जवस: १७० ते २००

जवसाचे तेल सुतार लाकडाला लावतो, कारण ते सुकून कातडे धरते. रंगाला ते चांगले, वंगणाला वाईट.

घरी करून पाहा

हे पटत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. स्वच्छ पत्र्याच्या तीन तुकड्यांवर जवस, करडई आणि एरंडेल यांचा बोटाने पातळ हात फिरवा. पत्रे धूळ न लागेल अशा उन्हाच्या जागी ठेवा आणि रोज बोट लावून बघा. आठवडा-पंधरा दिवसांत जवसावर कातडे धरू लागेल, करडई चिकट लागू लागेल आणि एरंडेल ओलेच राहील. जे पत्र्यावर घडते, तेच गरम इंजिनात कितीतरी लवकर घडते.

कारखान्यात काय करतात?

तेलाचे दोष कुठे आहेत हे कळले की ते दुरुस्त करण्याचे मार्गही सापडतात. कारखान्यात मुख्यतः चार प्रकारची दुरुस्ती करतात.

(१) गाठी भरून काढणे. तेलात निकेल धातूची बारीक पूड घालून दाबाखाली हायड्रोजन वायू सोडतात. गाठी भरल्या जातात आणि तेल घट्ट होते. वनस्पती तूप याच रीतीने होते. एरंडेलावर हाच प्रयोग केला की पांढरे मेणासारखे पापुद्रे मिळतात. ते सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळतात. गाठ गेली, पण आकडा शिल्लक राहिला, हे एरंडीचे वैशिष्ट्य.

(२) गाठीवर टोपण बसवणे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सौम्य आम्ल यांच्या साहाय्याने प्रत्येक गाठीवर प्राणवायूचे एक छोटे कडे बसवतात. याला इपॉक्सीकरण म्हणतात. असे सोयाबीन तेल प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी पुष्कळ वापरले जाते. हे कडे पुढे उघडून तिथे छोटी फांदी जोडली तर तेल थंडीतही पातळ राहते आणि वंगणाला लायक होते.

(३) खुंटाच बदलणे. आधी तेलाचे दोर मिथेनॉलच्या मदतीने सोडवून घेतात. बायोडिझेल करण्याची पहिली पायरी हीच. मग ते दोर ट्रायमिथायलॉल प्रोपेन नावाच्या दुसऱ्या खुंट्याला बांधतात. या खुंट्यात तो कच्चा सांधाच नाही, म्हणून उष्णतेत तो टिकतो. आपल्या देशातील प्रयोगशाळांत करंजाच्या तेलावरही असे प्रयोग झालेले आहेत.

(४) दोर तोडून नवा माल करणे. एरंडेल कॉस्टिक सोड्याबरोबर खूप तापवले की आकड्याजवळ दोर तुटतो आणि सेबॅसिक आम्ल मिळते. त्यापासून केलेले तेल कडाक्याच्या थंडीत गोठत नाही. जेट विमानांच्या इंजिनांसाठी अशी तेले वापरात आली.

आपल्या राज्यात नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान हा विषय जुना आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून ही संस्था १९४२ साली उभी राहिली. मुंबईला माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून आहे. खानदेशात जळगावच्या विद्यापीठातही रासायनिक तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेत शिकत असेल तर हा रस्ता त्यांच्या कानावर घालावा. टोळंबी वेचणाऱ्या घरातल्या मुलांना या विषयाची ओळख शहरातल्या मुलांपेक्षा आधीच झालेली असते.

ग्रीसच्या डब्यात एरंडी

आता ग्रीसकडे वळू. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण. साबण स्पंजासारखा तेलाला धरून ठेवतो आणि बेअरिंग फिरू लागले की थोडे थोडे तेल सोडतो.

पूर्वी चुन्याच्या साबणाचे ग्रीस असे. त्याला पाण्याचे भय नव्हते, पण सुमारे शंभर अंशांच्या आतच ते विरघळून वाहू लागे. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता सोसे, पण पाण्यात धुऊन जाई. १९४० च्या दशकात अमेरिकेत लिथियम धातूच्या साबणाचे ग्रीस आले. ते पाणीही सोसते आणि सुमारे १८०-१९० अंशांपर्यंत उष्णताही सोसते. या साबणासाठी लागणारे आम्ल हायड्रोजन दिलेल्या एरंडेलापासूनच काढतात. तो मघाशी सांगितलेला आकडा इथे कामी येतो. त्याच्यामुळे साबणाचे बारीक तंतू एकमेकांत घट्ट विणले जातात.

शंभर भाग ग्रीसमध्ये हा साबण साधारण सहा ते बारा भाग असतो. बाकीचे बहुधा खनिज तेल असते. भाग थोडा आहे, पण त्याच्यावाचून ग्रीस उभे राहत नाही. आज जगात सर्वांत जास्त खपते ते याच जातीचे ग्रीस. आणि जगातल्या एरंडीपैकी निम्म्याहून बरीच अधिक आपल्या देशात, त्यातही मुख्यतः शेजारच्या गुजरातेत पिकते. १९६८ साली जीसीएच-३ हा एरंडीचा संकरित वाण तिथेच निघाला.

कच्चे तेल कुठे चालेल, कुठे नाही

एक साधा नियम पाठ करावा. जिथे तेल रोज-आठवड्याला नवे घालतो आणि जुने गळून जाते, तिथे बियांचे तेल चालते. जिथे तेच तेल महिनोन् महिने बंद राहते, तिथे कच्चे तेल चालत नाही.

चालेल:
• लाकडी चाकाच्या बैलगाडीचा आस, विहिरीवरची कप्पी, दाराच्या बिजागऱ्या. इथे एरंडेल उत्तम.
• हाताच्या कडबाकुट्टीचे उघडे दाते. एरंडेल लावावे, पण आठवड्यातून एकदा जुना थर कापडाने पुसून काढावा. नाहीतर भुसा चिकटून गोळे होतात.
• उसाच्या चरकाचे उघडे बुश. इथे जळके काळे ऑइल अजिबात घालू नये. ते ओघळून रसात उतरते आणि त्यात कर्करोग करणारे पदार्थ असतात. भुईमुगाचे स्वच्छ तेल थोडे थोडे, पण वारंवार घालावे. काम संपल्यावर बुश पुसून ठेवावेत.

चालणार नाही:
• इंजिनचे चेंबर, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक.
• विजेच्या मोटारीची आणि पंपाची बेअरिंगे, टायरच्या बैलगाडीची बेअरिंगे. इथे कंपनीने सांगितलेलेच ग्रीस भरावे.
• शिवणयंत्र आणि इतर बारीक नाजूक यंत्रे. डिंक बसला की ती जाम होतात.

आणखी दोन सूचना. एरंडेल इंजिन ऑइलमध्ये मिसळू नये. दोन्ही एकजीव होत नाहीत, थर सुटतो. तसेच एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे ग्रीस दाबू नये. दोन साबण जमले नाहीत तर ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. जात बदलायची असेल तर बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, वाळवून मगच नवे ग्रीस भरावे.

विहिरीचे पाणी आणि वंगण

बियांच्या तेलाचा एक मोठा गुण राहिलाच. ते मातीत आणि पाण्यात कुजते. प्रयोगशाळेत २८ दिवसांची चाचणी घेतात. तेवढ्या काळात बियांचे तेल बहुतेक सगळे जिरते, खनिज तेलाचा मोठा भाग मात्र तसाच राहतो. म्हणून युरोपात लाकूडतोडीच्या साखळी-करवतींना आणि पाण्याजवळच्या यंत्रांना अशा तेलांचा आग्रह धरतात. अमेरिकेने २०१३ पासून मोठ्या जहाजांच्या पाण्याला लागणाऱ्या भागांसाठी लवकर कुजणारे वंगण बंधनकारक केले. असे असले तरी घरचे तेलसुद्धा विहिरीत सांडू देऊ नये. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. आणि इंजिनचे जळके ऑइल तर विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर कधीच ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

बी चांगले तर तेल चांगले

शेतकऱ्याच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट कोणती असेल तर बियांची निगा. बी ओले राहिले, फुटले किंवा बुरशीले की तेलाचे दोर आपोआप सुटू लागतात आणि मोकळे आम्ल वाढते. हीच तेलाची आम्लता. ती शेकडा दोनच्या वर गेली की खुंटा बदलण्याच्या क्रियेत तेलाऐवजी साबणच होऊ लागतो. मग कारखानदाराला आधी आम्ल काढण्याचा खर्च करावा लागतो आणि तो खर्च तो आपल्या भावातून वजा करतो. मोहाच्या तेलात आम्लता शेकडा वीसच्या आसपासही मोजली गेली आहे. कारण उघड आहे. टोळंबी पिकते तेव्हाच पावसाळा तोंडावर येतो.

म्हणून:
१. पडलेली फळे रोज वेचावीत. मातीत कुजू देऊ नयेत.
२. गर काढून बी लगेच उन्हात वाळवावे. पावसात छपराखाली पातळ पसरावे, ढीग घालू नये.
३. एरंडीचे घड तपकिरी झाले की काढावेत. दाणे खडखडीत वाळवून मगच पोती भरावीत.
४. फुटके आणि किडके दाणे वेगळे काढावेत.
५. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली. मोहाचे बी आणि करंजाचे बी तिच्या यादीत आहे. व्यापाऱ्याला माल देण्याआधी त्या वर्षीचा भाव आणि जवळचे खरेदी केंद्र यांची चौकशी अवश्य करावी.

भूलथापांपासून सावध

“बायो-ऑइलला फार मागणी आहे, सगळ्या रानात हेच लावा,” असे सांगणारे लोक अधूनमधून येतात. मोगली एरंडाची गोष्ट विसरू नका. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलला जोड म्हणून त्याच्या मोठ्या लागवडीची शिफारस केली. पुष्कळ ठिकाणी लागवड झाली. पण हलक्या, कोरड्या जमिनीत अपेक्षेइतके बी आले नाही, खरेदीची सोय उभी राहिली नाही आणि अनेकांनी झाडे उपटून टाकली. धडा असा की खरेदीदार, भाव आणि वाण या तीन गोष्टी लेखी कळल्याशिवाय पोटाचे पीक काढून दुसरे काही लावू नये. एरंडी आधी बांधावर आणि कडेच्या पट्ट्यात लावून पाहावी. नाल्याकाठचा करंज आणि बांधावरचा मोह आहे तो जपावा. त्याला वेगळी जमीन लागत नाही.

श्रोत्यांच्या शंका

प्रश्न: ही रासायनिक दुरुस्ती गावात करता येईल का?
उत्तर: नाही. हायड्रोजनचा स्फोट होतो, मिथेनॉल हे जहर आहे आणि पेट घेते, पेरॉक्साइड हात भाजते. घरी असले प्रयोग कदापि करू नयेत. गावात करता येण्यासारखे काम म्हणजे स्वच्छ बी, चांगला घाणा आणि गाळलेले, पाणी नसलेले तेल.

प्रश्न: भजी तळून उरलेले तेल गाडीला चालेल का?
उत्तर: ते आधीच आंबट आणि चिकट झालेले असते. लोखंडाला गंज आणि बुशाला खड्डे पाडते. वापरू नये.

प्रश्न: एरंडीची पेंड गुरांना घालावी का?
उत्तर: मुळीच नाही. तिच्यात रिसिन नावाचे जहाल विष असते. ती खत म्हणून शेतात घालावी. एरंडीचे बीही मुलांच्या हाती लागू देऊ नये. मोहाची पेंड माशांना विषारी असते, म्हणून तळ्याजवळ टाकू नये.

प्रश्न: कमी गाठींचे तेल झाडातच मिळाले तर?
उत्तर: तोही मार्ग निघाला आहे. भुईमुगाचे गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण २०२० साली प्रसारित झाले. त्यांच्या तेलात एकाच गाठीचे ओलिक आम्ल शेकडा ८० च्या आसपास असते. ते तेल मुख्यतः खाण्यासाठी आहे. ते लवकर खवट होत नाही.

तेव्हा मंडळी, थोडक्यात सांगायचे तर उघड्या आसाला घरचे एरंडेल, बंद यंत्राला कारखान्यातले वंगण, आणि कारखान्याला आपले स्वच्छ, कोरडे बी. एवढे सांभाळले तर बेअरिंग लवकर जाणार नाही, विहीर नासणार नाही आणि टोळंबीला चार पैसे जास्त मिळण्याचा हक्क आपल्याकडे राहील. आणखी शंका असतील तर कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा. कोणते यंत्र आहे आणि त्यात सध्या काय घालता, तेवढे मात्र पत्रात लिहा.